साखरेचा सेन्सर दंडावर नेमका कुठे बसवायचा

मधुमेह्याच्या दंडावर चिकटवायचा, दिवसरात्र साखर दाखवणारा चौदा दिवसांचा सेन्सर पाचव्या दिवशी निघून हातात येतो, नाहीतर रोज पहाटे तीनला साखर ५५ दाखवतो. दोन्ही वेळा शिव्या यंत्राला बसतात. खरं तर बहुतेकदा जागा चुकलेली असते. सेन्सर महाग, एकदा काढला की परत लावता येत नाही, म्हणून लावण्याआधी एक दिवस जागेचा विचार करण्यात घालवला तर तो वाया जात नाही.

हा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. कातडीखालच्या चरबीत पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातली साखर मोजतो. लिब्रेसारख्या सेन्सरची तार जेमतेम ५ मिलिमीटर आत जाते आणि ०.४ मिलिमीटर जाड असते. रक्तातली साखर या द्रवात पोचायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. ही वाट जिथे दबते, तिथे आकडा खोटा पडतो. जागा निवडण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात: तारेभोवती थोडी चरबी हवी, रक्त नीट खेळतं हवं आणि वरून दाब नको.

कंपनी कुठे लाव म्हणते

आधी हे बघा, कारण हे सेन्सरगणिक बदलतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो फ्रीस्टाइल लिब्रे. तो दंडाच्या मागच्या बाजूलाच लावायचा, मुदत १४ दिवस. मेडट्रॉनिकचा गार्डियन पोटावर किंवा दंडावर चालतो. डेक्सकॉम जी६ मोठ्यांना पोटावर आणि लहान मुलांना कुल्ल्याच्या वरच्या भागावरही लावता येतो. जी७ दंडाच्या मागे. बाहेरगावच्या नातेवाइकाने पाठवलेला सेन्सर असेल तर त्याच्या खोक्यातलं चित्र नीट बघा. शेजाऱ्याने सांगितलेली जागा त्याच्या सेन्सरची असते.

लिब्रे मांडीवर किंवा पोटावर लावणारे बरेच भेटतात. दंड, मांडी आणि पोट अशी तुलनाही झालेली आहे. त्यात मांडीवरचे आकडे दंडाच्या जवळपास आले, पोटावरचे मात्र मागे पडले. तरीही ज्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरतो, तो कंपनीने तपासलेल्या जागेवरूनच यावा असं आमचं मत आहे. मांडीचा विचार करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि बोटाच्या तपासणीशी ताडून.

पोटाची परवानगी असलेला सेन्सर असेल तर बेंबीपासून ५ सेंटिमीटर तरी लांब राहा. परकराची नाडी, पँटचा पट्टा, नऊवारीचा काचा किंवा धोतराची गाठ जिथे बसते ती ओळ टाळा. उभं राहून जागा बघू नका, पाटावर मांडी घालून बसा. बसल्यावर जिथे वळी पडते तिथे सेन्सर टिकत नाही.

दंडावरची जागा

खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्यामधल्या अंतराचे मनात तीन भाग करा. वरचा भाग खांद्याच्या स्नायूचा, तिथे चरबी कमी आणि हात उचलला की कातडी ओढली जाते. खालचा भाग कोपराच्या जवळ, तिथे हात दुमडताना घडी पडते. मधला भाग आपला. त्यातही मागची बाजू, म्हणजे हात सैल सोडून आरशात समोर पाहिलं तर सेन्सर जवळजवळ दिसूच नये.

आता त्या मधल्या भागात दुसऱ्या हाताच्या अंगठा-बोटाने चिमूट धरा. सहज उचलून येते ती कातडी-चरबी, ताठ राहतो तो स्नायू. जिथे चिमूट भरून येते तिथे पेनाने बारीक ठिपका द्या. मग हात पुढे करा, डोक्यावर न्या, फडताळातला डबा काढल्यासारखा ताणा, पाठ खाजवल्यासारखा मागे वळवा. या सगळ्यात ठिपक्याभोवतीची कातडी सपाट राहिली पाहिजे. सुरकुती पडली तर बोटभर सरका. काटकुळ्या माणसाला चिमूट मिळणं अवघड जातं. त्याने मागच्या बाजूलाच, थोडं आतल्या अंगाला चाचपून पाहावं. तिथे बहुधा दोन बोटांची जागा निघते.

टाळायच्या जागा: तीळ, व्रण, गाठ, भाजल्याचा डाग, ताणामुळे पडलेल्या पांढऱ्या रेषा, गोंदण, पुरळ. इन्सुलिन दंडातच टोचत असाल तर त्या जागेपासून कमीत कमी २.५ सेंटिमीटर लांब. इन्सुलिन पंपाची नळी असेल तर डेक्सकॉम ७.५ सेंटिमीटर अंतर सांगतो. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून जिथे गाठी झाल्यात, तिथे सेन्सर तर नकोच आणि इन्सुलिनही नको, कारण तिथून ते अंगात नीट लागत नाही. डायलिसिसचा फिस्टुला असलेला हात किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

झोपेचा प्रश्न

सगळ्यात जास्त घोटाळे रात्री होतात. कुशीवर झोपलं की दंड अंगाखाली दबतो, तिथला रक्तपुरवठा मंदावतो, द्रवातली साखर संपते आणि भरून येत नाही. सेन्सर प्रामाणिकपणे तेवढंच सांगतो: ६०, ५५, ४८. कूस बदलली की आकडा अर्ध्या तासाच्या आत वर येतो. खरी साखर तेव्हा १२० असू शकते. गादीवर झोपणाऱ्याला हे कमी जाणवतं; चटई किंवा वाकळ टाकून फरशीवर झोपणाऱ्याला जास्त, कारण खालून कठीण जमीन लागते.

म्हणून कुठला हात हे ठरवताना पहिला प्रश्न: कुठल्या कुशीवर झोपता? घरच्यांना विचारा, स्वतःचं उत्तर बऱ्याचदा चुकतं. त्याच्या उलट हातावर सेन्सर. दोन्हीकडे वळत असाल तर एक बारकावा आहे. कुशीवर झोपणाऱ्याचा दाब दंडाच्या बाहेरच्या अंगावर येतो, म्हणून सेन्सर जास्त मागे घ्या. उताणं झोपणाऱ्याच्या दंडाची मागची बाजूच अंथरुणावर टेकते, म्हणून त्याने किंचित बाहेर घ्यावा. दोन बोटांचा फरक पुरतो.

दवाखान्यात लावून देतात त्या लिब्रे प्रोच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. त्यात आकडे रोग्याला दिसत नाहीत, शेवटी दवाखान्यातच वाचले जातात. बेळगाव, निपाणी, चिकोडीत बऱ्याच डॉक्टरांकडे हाच असतो. दबलेल्या हातामुळे रोज रात्री पडलेला खोटा खड्डा अहवालात ‘रात्री साखर उतरते’ असा दिसतो, आणि त्यावरून रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन कमी होऊ शकतं. तेव्हा लावून घेतानाच “मी डाव्या कुशीवर झोपतो” असं सांगा, आणि पंधरवडाभर डोक्याशी एक वही ठेवा. जाग आली की वेळ आणि कुठल्या कुशीवर होतात तेवढं लिहा. अहवालासोबत ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की खरा खड्डा आणि खोटा खड्डा वेगळे काढता येतात.

दिवसभर दंडाला काय काय लागतं

इथे पुस्तकी सल्ला संपतो आणि आपला दिवस सुरू होतो. एक साधी चाचणी करा. जाड पुठ्ठ्याच्या ३५ मिलिमीटर व्यासाच्या दोन-तीन चकत्या कापून एकावर एक चिकटवा, जाडी ५ मिलिमीटर होईल. लिब्रेची टिकली एवढीच असते. ठरवलेल्या जागी ती कागदी टेपने लावा आणि पूर्ण एक दिवस, एक रात्र नेहमीसारखे वागा. संध्याकाळी टेपची कड कुठून उचलली गेलीय ते बघा. वरून उचलली असेल तर बाही ओढते, खालून असेल तर हात टेकवता त्याची कड लागते, पुढून असेल तर दाराची चौकट किंवा गाडी. ज्या बाजूने उचलली गेली तिच्यापासून दूर सरका.

बाही हा सगळ्यात मोठा शत्रू. खणाच्या चोळीची किंवा घट्ट ब्लाउजची बाही जिथे संपते ती शिलाई बरोबर सेन्सरच्या कडेवर आली तर तीन-चार दिवसांत चिकटपट्टी सोलून निघते. सेन्सर एकतर पूर्ण बाहीच्या आत असावा, नाहीतर कडेच्या दोन बोटं खाली. मधोमध नको. पंधरा दिवस सैल किंवा कोपरापर्यंतच्या बाहीचं घातलं तर उत्तम. दंडातली वाकी, बांधलेला ताईत, काळा दोरा हे दुसऱ्या दंडात हलवा.

ऊसतोडीत कोयता ज्या हातात, त्याच्या उलट दंडावर सेन्सर बरा असं वाटतं, पण मोळी बांधताना उलटा हातच उसाला घासतो आणि पाचटाची धार चिकटपट्टीत शिरते. तोडीच्या दिवसांत कुठल्याही हातावर लावा, पण पूर्ण बाहीचा जुना सुती सदरा अंगात हवा. निपाणीकडे बिड्या वळणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसतात. भिंतीला जो दंड टेकतो तो सोडून दुसरा. एसटीने रोज बेळगावला ये-जा करणाऱ्यांनी खिडकीकडचा हात टाळावा, दांड्याला घासून कड निघते. दुधाच्या किटल्या घेऊन फिरणाऱ्याच्या गाडीला किटली ज्या बाजूला टांगलेली, त्या बाजूचा दंड नको. तालमीत उतरणाऱ्या पोरांनी तर सेन्सर लावून लढतच करू नये. पकड नेमकी दंडालाच पडते, आणि मातीसुद्धा.

बीपी तपासताना पट्टा दुसऱ्या हाताला बांधायला सांगा. हे नर्सला आठवणीने सांगावं लागतं, सेन्सर बाहीखाली दिसत नाही.

पाऊस, घाम, तेल

खानापूर, कणकुंबी, जांबोटीच्या पावसात ओलं राहणं टळत नाही. लिब्रे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं तग धरतो, तेव्हा पाऊस आणि अंघोळ यांची भीती नाही. विहिरीत उडी मारणं मात्र त्या हिशोबात बसत नाही. पावसाळ्यात सेन्सर सुटतो तो पाण्याने नव्हे, तर ओला रेनकोट अंगातून उपसून काढताना आणि टॉवेलने खसाखसा पुसताना. रेनकोट काढताना आधी सेन्सर नसलेला हात बाहेर काढा. दंड टिपून घ्या, घासू नका. इरलं घेऊन वाकून भातरोप लावणाऱ्यांना याचा त्रास कमी, त्यांचं पाणी पाठीवरून जातं.

उन्हाळ्यात अथणी, रायबागच्या बाजूला घामाने कड सैल होते. तिथे लावतानाच वरून चिकटपट्टीचं कडं घ्या. कुठलंही कडं लावा, पण सेन्सरच्या मध्यावरचं बारीक छिद्र झाकू नका. आणि नवा सेन्सर औषधाच्या दुकानातून आणताना मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. खोक्यावर छापलेली तापमानाची मर्यादा उन्हात उभ्या गाडीत सहज ओलांडली जाते.

सेन्सर लावायच्या आधी दोन दिवस दंडाला तेल नको. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या दुसऱ्या दिवशी लावलेले सेन्सर लवकर पडतात यात नवल काही नाही.

लावायची रीत

लिब्रेची रीत सांगतो, इतरांची थोडी वेगळी असते.

१. अंघोळीनंतर, घाम नसताना लावा. दंड साध्या साबणाने धुवा. मॉइश्चरायझरवाला साबण, पावडर, क्रीम नको. दाट केस असतील तर आदल्या दिवशी कात्रीने कमी करा. लगेच वस्तरा फिरवला तर बारीक ओरखड्यांची आग होते.

२. खोक्यातल्या स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारायची नाही. इथे घाई करणारे सगळ्यात जास्त.

३. डबी आणि लावण्याचं यंत्र यांच्यावरचे कोड जुळतात का बघा. डबीचं झाकण सोला, यंत्राचं टोपण फिरवून काढा, दोन्हीवरच्या गडद खुणा जुळवून कठीण टेबलावर ठामपणे खाली दाबा. आता यंत्रात सुई तयार आहे, टोपण परत लावू नका.

४. हात दुसऱ्या खांद्यावर ठेवा म्हणजे दंडाची मागची बाजू ताणून सपाट होते. ठिपक्यावर यंत्र सरळ टेकवा, तिरकं नाही, आणि खटकन आवाज येईपर्यंत दाबा. क्षणभर तसंच धरून सरळ मागे ओढा. एकट्याने जमतं, पण पहिल्या वेळी घरातल्या कुणाला तरी नजर ठेवायला सांगा.

५. कडेने बोट फिरवून चिकटपट्टी दाबा. रीडरने, म्हणजे आकडा वाचणाऱ्या छोट्या यंत्राने, किंवा फोनने सेन्सर सुरू करा. पुढची ६० मिनिटं आकडा येत नाही.

टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, एवढंच. एखादा थेंब रक्त आलं तर टिपून घ्या, बऱ्याचदा सेन्सर चालतो. रक्त थांबत नसेल, किंवा हात हलवताना आत खोल दुखत राहिलं, तर तार स्नायूत किंवा बारीक शिरेत गेली असावी. तो काढून दुसरा लावा, तोही नव्या जागी. सुईचं रिकामं यंत्र घरच्या कचऱ्यात उघडं टाकू नका. जाड डबीत बंद करून दवाखान्यात द्या.

पहिला दिवस आणि खोटे आकडे

टोचल्याची जखम ताजी असते, म्हणून पहिल्या दिवशी आकडे डगमगतात. त्यावर औषध बदलू नका. शक्य असेल तर संध्याकाळी लावा, म्हणजे डगमगीचा बराच वेळ रात्रीत जातो.

बोटाशी ताडायचं ते आकड्याशेजारचा बाण आडवा असताना, म्हणजे साखर स्थिर असताना. जेवणानंतर तासाभरात ताडलं तर फरक दिसणारच, द्रव रक्ताच्या मागे असतो. शिवाय ग्लुकोमीटरलाही मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्क्यांची सूट आहे. बोट १३०, सेन्सर १४५, हे एकच समजा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा. गुऱ्हाळाच्या दिवसांत काकवीचं बोट तसंच टोचलं तर २५० सुद्धा दिसेल, आणि मग चांगला सेन्सर उगीच बदनाम होतो.

जागेशी संबंध नसलेली एक भानगड: रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर लिब्रेचा आकडा खोटा चढू शकतो. सर्दीत चघळायच्या ५०० च्या गोळ्या दिवसाला दोन-तीन खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मेडट्रॉनिकच्या गार्डियनला पॅरासिटामॉलचा त्रास होतो.

हातपाय थरथरतात, घाम सुटतो, गरगरतं, आणि सेन्सर मात्र ११० म्हणतो, तर अंगावर विश्वास ठेवा. बोट तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. बोट तपासायला काही हाताशी नसेल तरीही साखर आधी घ्या. उलट रात्री ५५ दिसलं आणि माणूस शांत झोपलाय, तर उठवून कूस बदला, बोट तपासा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्याला ‘हा खोटाच असणार’ म्हणून तसंच झोपू देऊ नका.

काढणं आणि पुढची जागा

एमआरआय, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या आधी बरेच सेन्सर काढावे लागतात; काही नव्या सेन्सरना ही सक्ती राहिलेली नाही, तेव्हा खोक्यातलं पत्रक बघा. पत्रकात काढायला सांगितलं असेल आणि अशी तपासणी ठरलेली असेल तर नवा सेन्सर तिच्यानंतरच लावा.

काढताना कडेला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, मग बाजूने हळू सोला. खाली वर्तुळाकार लाली दोन दिवस राहते. खाज, पाण्याचे फोड किंवा चिकटपट्टीच्या आकाराचं पुरळ आलं तर ती ॲलर्जी. काही सेन्सरच्या गोंदातला आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट हा घटक त्याचं कारण असल्याचं आढळलं आहे. अशा वेळी जागा बदलून भागत नाही, सेन्सरचा प्रकार बदलावा लागतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि काढलेल्या सेन्सरचं पाकीट बरोबर न्या.

पुढचा सेन्सर शक्यतो दुसऱ्या हातावर. झोपेमुळे किंवा कामामुळे एकच हात सोयीचा असेल तर त्याच हाताच्या मधल्या भागात तीन ठिपके ठरवा, एकमेकांपासून तीन बोटं अंतरावर, आणि ते पाळीपाळीने वापरा. म्हणजे एका जागेवर परत यायला जवळजवळ दीड महिना मिळतो. कॅलेंडरवर सेन्सर लावल्याच्या तारखेपाशी ‘डा-वर’, ‘डा-मध’, ‘डा-खाल’ असं लिहून ठेवलं की पुढच्या वेळी आठवावं लागत नाही.